पोरगी नसलेला पिक्चर

पोरगी नाईच ना त्या पिक्चरमधी? — हाव, नाईच हाये. पुरा पाह्यला ना तुम्ही, शेवटचे नावं वर जाईलोक? मंग तुमचंच बरोबर हाये सिस्टर, पोरगी कुठूनच येत नाई त्याच्यात. एक बुढा हाये कोरियातला, समुद्राच्या काठी राहाते, दिवसभर आपली होडी ठोकत बसते, मंग त्याचा भाऊ येते शहरातून, दोघं जेवतात, थोडं भांडतात, अन् होडी पाण्यात लोटून देतात. झाला पिक्चर. — बसा ना, उभ्या काऊन? वाटी राहू द्या तिथंच. आज रातपाळी हाये तुमची, मंग दुपारभर वर खोलीत पत्र्याखाली काऊन भाजून घेता, बसा इथं पंख्याखाली. आमच्या यायनं काय सांगतलं होतं तुम्हाले? की एक पोरगी सासरहून मार खाऊन येते अन् बाप तिले दारातूनच वापस लावते, काळीज फाटते असा पिक्चर हाये, पाहाच — असंच ना? अन् तुम्ही बिचाऱ्या ड्युटीवरून थकून येऊन मोबाइल उशीले टेकवून वाट पाहात राह्यल्या, आता येईल पोरगी, मंग येईल पोरगी — मले हासू येऊन राह्यलं, माफ करा व माय. — नाई नाई, डोक्यानं चांगले हायेत ते. डोळे गेले, डोकं नाई गेलं. अन् खोटंबी बोलले नाई तुमच्याशी. त्यायनं जे पाह्यलं तेच सांगतलं. म्हणजे ऐकलं. म्हणजे — जे मी सांगतलं ते.

ते दिसून राह्यले ना तुम्हाले इथून? रस्त्याच्या पलीकडं, गफ्फारभाईच्या गादीच्या दुकानात, कापसाच्या गठ्ठ्यावर, काळा चष्मा घालून. रोज जेवण झालं की मी हात धरून रस्ता ओलांडून देतो अन् चहाच्या येळेले आणतो. तिथं बसून लोकायले सांगतात — घरी काय पाहा, काय नको पाहा. आता टीव्ही हाये घरोघरी, मोबाइल हाये, एवढे पिक्चर हायेत की माणूस ताटातलं थंडं होईलोक निस्तं बोट फिरवत बसते, हा लावू की तो लावू — मंग म्हणतात चला, शंकररावले इचारू. काऊन की हे इथल्या टॉकीजमधी पिक्चर चालवणारे ऑपरेटर होते. टॉकीज गेली, तिथं लग्नाचा हॉल झाला, पण यायचं ऑपरेटरपण गेलं नाई. तवा बाजाराच्या दिवशी खेड्यातले लोक मोताळ्याले आले की भाजीपाला घ्यायच्या आधी टॉकीजच्या मागच्या दारी येत — शंकरभाऊ, पाहू काय? हे निस्तं म्हणणार, "पाह्य." नाई तं, "घरी जा." बस. त्याच्यावर पिक्चर चाले नाई तं पडे. असं तेच सांगतात. अन् एकदाबी चुकले नाई. हेबी तेच सांगतात.

बरं, टॉकीजपुरतं असतं तं मले काय करायचं होतं? मी लग्न होऊन आली, पहिल्या दिवशी पिठलं केलं, सासू, दीर, सारे बसेल. यायनं एक घास घेतला अन् म्हटलं, "स्टोरी चांगली हाये, गाणे नाईत." सारे हासले. मीबी हासली, म्हटलं गंमतीचा माणूस भेटला. मंग माह्या भावाचं लग्न झालं — "डब्यात गेलं." मी सहा महिने शिवणकाम शिकून यायले सदरा शिवला — "कटिंग कमजोर." माही माय वारली, तिच्या पुण्यानुमोदनाचं जेवून आले, अन् सायकलवर बसता बसता मले म्हणतात, "इंटरवलनंतर ढिला पडला कार्यक्रम." माह्या मायचा, सिस्टर. मी कॅरेजवर बसेल होती, मागं. अन् पिक्चर तं मले दाखवलेच नाई कवा. लोकायले वाटे, ऑपरेटरची बायको हाये, फुकटात रोज पाहात असन. "बायकायले काय समजते त्याच्यातलं." घरी यायचे अन् चार वाक्यात सांगून द्यायचे — हिरो असा, व्हिलन तसा, शेवटी मेला, वाढ आता. असे मी पिक्चर ऐकले. सारी जवानी ऐकण्यात गेली.

मंग यायचे डोळे. सुरुवातीले दिव्याभोवती रंगाचे गोल दिसाले लागले, मी म्हटलं डॉक्टरले दाखवा. तं म्हणे, चष्म्याचा नंबर बदलला, बाकी काई नाई, सारी जिंदगी उजेडासोबत काम केलं मी, तू मले डोळ्याचं शिकवते काय? बुलडाण्याले नेईलोक काचबिंदूनं सारं खाऊन टाकेल होतं. डॉक्टर म्हणे, गेली ते नजर आता वापस येत नाई. तं बाहेर येऊन म्हणतात — "डॉक्टर नवा दिसते." तुम्ही हासून राह्यल्या, तवा मीबी हासली असती, पण रस्ताभर त्यायचा हात माह्या खांद्यावर होता.

टीव्ही गफ्फारभाईच्या पोरानं, नौमाननं बसवून देला. मोबाइलचं दुकान हाये ना त्याचं. रिमोट माह्या हाती देला, म्हणे चाची, हे दाबा, मंग हे दाबा. आता हिंदी पिक्चर लावला तं यायले आवाजावरून सारं समजते. मी निस्तं सांगायचं — आता तो खिडकीत उभा हाये, आता तिनं लुगडं बदललं. तिथं इकडचं तिकडं करता येत नाई. पण हे काय हिंदी ऐकतात? "हिंदीत दम नाई राह्यला आता. बाहेरचे लाव. कोरियाचे लाव." बरं, त्याचे हिंदी आवाजातले राहातात, तं ते नको! "दुसऱ्याच्या तोंडचा आवाज म्हणजे अडाण्यायचं काम. असली आवाज ठेव. खाली हिंदीत लिहून येते ना? ते वाच." — ते वाच! मले म्हणतात, वाच! सातवी शिकेल बाई मी, लग्नानंतर माह्या हातात पेपर दिसला की यायले हासू ये. आता तुम्हीच सांगा सिस्टर, मी गेली होती काय मागाले? त्यायनंच देलं माह्या हातात. दोर बी त्यायचा अन् गाठ बी त्यायचीच.

पहिल्यांदा काई मुद्दाम नाई केलं मी. ते खालचं भरभर निंघून जाये, मी अडखळली, तं म्हणतात, "तुह्या वाचण्यानं चांगल्या पिक्चरचा सत्यानाश होते." बरोबर तवाच चोर कोण ते उघडं पडून राह्यलं होतं. चोर निंघाली त्या घरची नणंद. मी म्हटलं, पोलीसवाला. तोंडातून निंघालं बस. दुसऱ्या दिवशी हे गठ्ठ्यावर बसून रंगवून राह्यले — काय पिक्चर हाये, अरे, पोलीसवालाच चोर निंघते! तिथं पंचायत समितीतला एक जण उशी भरून घ्यायले आलता, त्यानं पाह्यला होता तो पिक्चर. म्हणे, काका, नणंद ना? तं हे चिडले. "तुले पिक्चर पाहाता येत नाई बे. घरी जाऊन पुन्हा पाह्य." लय भांडले. मी इथंच, या खिडकीत, गहू निसत होती, खडे काढत. अन् मले असं वाटलं — कसं सांगू — उन्हातून आल्यावर माठातलं पाणी उतरते ना घशातून, तसं. चुकले ना हो! भर रस्त्यावर, दहा माणसात चुकले, अन् त्यायले माईतबी नाई.

मंग मी कायले थांबतो? आंधळ्या राजाचा पिक्चर होता, मी त्याले मोती विकणारा केलं. नवराबायको शेवटी एक होतात, मी त्यायची फारकत करून देली. एका भुताच्या पिक्चरमधी भूतच नाई सांगतलं, निस्तं म्हातारीले दमा हाये म्हटलं — हे बाहेर जाऊन सांगतात, दम्यावर एवढा गंभीर पिक्चर जगात झाला नाई! लोक मुद्दाम येऊन इचारू लागले. काका, आज काय पाह्यलं? पोट धरधरून हासत गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन. अन् हे घरी येऊन मले म्हणतात, "पाह्य, डोळे गेले तरी लोक माहंच मत इचारतात." मी म्हणो, हाव, तुमच्यासारखं कोणाले समजते? — तुम्हाले चांगला पिक्चर पाह्यजे असन ना सिस्टर, तं मले इचारत जा. मी सांगतो खरं. भुताचे एकटीनं नका पाहू, वर मांजर चालली तरी जीव जाईल. अन् घरी पिक्चर पाहाचा तं स्वयंपाकाच्या येळेले नाई, कुकर बरोबर रडण्याच्या जागेवर शिटी मारते. मले तं ते हळूहळूवाले आवडतात, ज्याच्यात बाई निस्ती भांडे घासते अन् आपल्याले समजते की तिच्या मनात काय चालू हाये. आमच्या बुढ्याले ते आवडत नाईत. म्हणते, याच्यात काई होऊनच नाई राह्यलं. तुह्या घरात एवढं झालं, तवा कुठं दिसलं तुले?

— काय? — एवढ्यासाठी? पिठल्यासाठी अन् सदऱ्यासाठी? नाई व माय. पिठल्यासाठी कोणी एवढं करते काय. — मले पोरगी हाये. महामाया. — भिंतीवर कुठून दिसन? फोटो त्यानंच उतरवला. तुमच्यासारखीच होती, अशीच हाडकुळी, असेच केस वर बांधे, अन् तिले सिस्टरच व्हायचं होतं. बारावीनंतर खामगावले नर्सिंगले जाणार होती. तं बुढ्यानं वडनेर भोलजीचं स्थळ आणलं. देवानंद त्याचं नाव. खताचं दुकान, पांढरा शर्ट, हासे तं चांगला दिसे. मी म्हटलं जरा इचारपूस करा, माह्या मामाची पोरगी त्याच गावात देल हाये, ते म्हणते पोरगा हात उचलते, सख्ख्या मायले सोडत नाई. तं माह्याकडं पाहून असा हासला. "मी माणूस पहिल्या रिळात वळखतो. हा पोरगा सिल्वर ज्युबली हाये." सिल्वर ज्युबली!

वर्ष नाई झालं, पोरगी आली. एसटीतून उतरली ओढणी तोंडाले गुंडाळून. मी गालावर हळद लावून राह्यली अन् हा खुर्चीवर बसून म्हणते, "पिक्चर अर्ध्यात सोडून उठत नाईत. सुरुवातीले असंच राहाते, पुढं जमते." स्वतः नेऊन घातली. दुसऱ्यांदा आली तं डावा कान फुटेल होता. रक्त नव्हतं, पाण्यासारखं गळून राह्यलं होतं — तुम्ही सिस्टर हाये, तुम्हाले समजते. मी म्हटलं आता ही नाई जाणार. दाराले आडवी झाली. त्यानं जीप बोलावेल होती. पोरीले बसवलं, मी जीपचा दांडा धरला, पोरीनं माहा पदर धरला, अन् यानं माहे बोटं, एकेक करून, सोडवले. सारा मोहल्ला पाहून राह्यला होता. एक गफ्फारभाई तेवढा हातातली सुई टाकून धावत आला, म्हणे शंकरभाऊ, रुको, बच्ची है. तं त्याले म्हणते काय, "माही पसंती हाये गफ्फार. माही पसंती चुकत नाई." पाहा, पोरगी नाई. पसंती. पसंती फुटाले नाई पाह्यजे, पोरीचा कान फुटला तं फुटला.

तिसऱ्यांदा ते आलीच नाई. वडनेरवाले आले, तोंड वर करून म्हणे तुमची पोरगी पळाली. मी तिथंच बसली, या उंबऱ्यावर. अन् पावणे गेल्यावर हा म्हणते, "पोरीनं चांगला पिक्चर बिघडवला." फोटो उतरवला, तिचं नाव घरात बंद. लोकायले सांगे, पोरगा सोन्यासारखा होता, आमच्याच पोरीत खोट. असे वर्षावर वर्ष गेले, सिस्टर. तो गठ्ठ्यावर मत देत राह्यला अन् मी इथं गहू निसत.

म्हणून मी तो होडीवाला पिक्चर लावला. निवडून लावला. तो रविवारी शेजाऱ्यायसोबत विहारात वंदनेले जाते, तवा मी एकटीनं आधी पाहून ठेवेल होता. त्याच्यात बोलणं कमी, समुद्राचा आवाज लय, अन् एक कोळीण येते त्या होडीवाल्या बुढ्याच्या दारी मासे विकाले. जोरजोरात बोलते, तो मान हालवते अन् दार लावून घेते. पुन्हा येते, पुन्हा दार. आठवून राह्यली ना ते बाई तुम्हाले? टोपलंवाली? मले तेवढीच पाह्यजे होती. संध्याकाळी लावला. खाली हिंदीत लिहून आलं — ताजी मछली है, सस्ते में दूँगी. मी वाचलं — "बाबा, मले आत घ्या. तो मले मारून टाकन." आवाज तिचा, शब्द माहे. अन् धाडकन दार लागलं. ते दार खरं होतं सिस्टर, ते काई मी नाई लावलं. आमचा बुढा खुर्चीत दचकला. "काऊन लावलं बे त्यानं दार?" मी म्हटलं, बाप हाये तिचा. त्यानंच पाहून देलं होतं ते घर, आता पोरीले आत घेतली तं लोक म्हणतील, चुकला. — कानाचं नाई सांगतलं बरं मी. मुद्दाम नाई सांगतलं. म्हटलं पोरगी लंगडते, पाय मोडेल हाये तिचा. लवकर ध्यानात येऊ नये त्याच्या. मले आधी त्याचं मत पाह्यजे होतं. तो मत देल्याशिवाय राहाते काय!

देलं ना. तिकडं होडीवर हातोडा वाजून राह्यला अन् इकडं याच्या काळ्या चष्म्याखालून पाणी. लग्न झाल्यापासून मी त्याच्या डोळ्यात पाणी पाह्यलं नव्हतं. मायच्या मयतीत नाई, पोरगी गेली तवा नाई. म्हणे — त्याचेच शब्द सांगतो — "असा बाप दिसला तं लोकायनं तोंडावर थुंकलं पाह्यजे." मी म्हटलं, हाव. म्हटलं, तुमचं मत कवा चुकत नाई. अन् भाकरी टाकाले उठली. त्या दिवशी एकूण एक भाकर अशी टम्म फुगली, काय सांगू तुम्हाले.

दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यावर बसून त्यानं सारा पिक्चर सांगतला. पोरगी, मार, दार, बाप. आधी दोघं-तिघं हासाच्या तयारीनं आलते. मंग कोणीच हासेना. गफ्फारभाईची सुई गादीत तशीच राह्यली. तिथं बसेल प्रत्येकानं त्या दिवशी जीप पाह्यली होती. हळूहळू साऱ्यायचे माना इकडं वळल्या, माह्या खिडकीकडं. मी काई आत नाई सरकली. उभी राह्यली. म्हटलं पाहा. — संध्याकाळी गफ्फारभाई घरी आला, उशीची खोळ द्यायच्या निमित्तानं. डोळे लाल. म्हणे, भाभी, ये बंद करो. आदमी अपने मुँह से अपने को गालियाँ दे रहा है और उसको मालूम भी नहीं. मी म्हटलं, गफ्फारभाई, तुम्ही तरी तवा धावले होते, तुमच्यावर माहा राग नाई. बाकीच्यायनं निस्तं पाह्यलं. आता ऐकू द्या त्यायले. ते खोळ मी अजून घातली नाई, पाहा, तिथंच पडेल हाये.

अन् शेवट मी सांगतलाच नाई त्याले. शेवटच्या येळी टीव्ही बंद करून टाकला, म्हटलं नेट गेलं. आता रोज इचारते. त्या पोरीचं काय झालं? नेट आलं काय? मी म्हणो, नाई आलं. मी म्हणो, त्याचा पुढचा भाग हाये, तो अजून निंघाला नाई. म्हणून तं त्यानं तुम्हाले पाहाले लावला ना! शेवट इचारायचा असन तुमच्याजवळून. तुम्ही काई बोलल्या नाई ना त्याले? — बरं झालं.

पण परवाची गोष्ट ऐका. मी वरण वाढून राह्यली होती. ताटात बोट फिरवत म्हणते, "त्या पोरीचा कान बरा झाला असन काय व?" — कान! मी पिक्चरमधी कान सांगतलाच नव्हता. माहा हात तसाच राह्यला वरच्या वर. मी म्हटलं, पाय. पाय मोडेल होता तिचा. तं म्हणते, "हाव. पाय." अन् जेवत राह्यला. — म्हणजे त्याले माईत हाये. कवापासून माईत हाये, ते मले माईत नाई, पण त्याले माईत हाये. अन् तरी काल गठ्ठ्यावर जाऊन त्यानं तोच पिक्चर सांगतला, त्या बापाले त्याच शिव्या देल्या. तुम्हाले सांगतला तोबी कालच ना? — पाहा. म्हणजे जाणून सांगून राह्यला.

पस्तावा? कायचा पस्तावा, सिस्टर! "तो बाप, तो बाप" करते. "मी" कुठं म्हणते? पिक्चरच्या आड लपून रडणं सोपं हाये. मले त्याचं रडणं नाई पाह्यजे. माह्यासमोर बसून, चष्मा काढून, एकदा म्हणावं — मी चुकलो. दोन शब्द. माह्या पोरीचा कान गेला, याचे दोन शब्द जाऊन नाई राह्यले. जोपर्यंत म्हणत नाई तोपर्यंत मी काई सांगत नाई. झुरू दे. रात्रंदिवस झुरू दे, की पोरगी कुठं गेली, विहिरीत गेली की गाडीखाली गेली. मीबी झुरली ना तशीच, चार वर्ष, तिचा फोन येईलोक —

— हाव. — आता निंघालं तोंडातून तं निंघालं. जिवंत हाये. चांगली हाये. अमरावतीले राहाते, नर्सिंग केलं तिनं, मोठेपणी, लहान लहान पोट्ट्यायसोबत बसून शिकली, आता मोठ्या दवाखान्यात हाये, तुमच्यासारखीच रातपाळी करते. डाव्या कानानं ऐकू येत नाई, उजव्यानं बोलते. दर रविवारी, हा विहारात गेला की तिचा फोन येते. — नाई, त्याले नाई सांगतलं. काऊन सांगू? — ते इचारते ना, दर वेळी इचारते, बाबा कसे हायेत. परवाच्या रविवारी म्हणे, आई, मी येतो आता. बाबाचे डोळे एकदा पाहून घेतो. मी म्हटलं, नको येऊ. ते अजून तसेच हायेत म्हटलं, तुहं नाव काढलं तं ताट फेकतात. — हाव, खोटं सांगतलं. मंग? त्याले पिक्चर खोटा सांगतो, तिले बाप खोटा सांगतो. चांगला शेवट त्याच्या वाट्याले काऊन येऊ देऊ मी? तो माह्याजवळ हाये, माहा हाये तो शेवट, मी मन होईन तवा सांगीन, नाई तं नाई सांगणार.

त्याच्या बीपीचं मले नका सांगू. तुम्हीच पाह्यलं ना, वाढेल हाये. अकोल्याले न्या म्हटलं तुम्ही. नेईन मी. — अन् नाई राह्यला तं नाई राह्यला. तसाच जाईल, माईत नसताना. — असं काऊन पाहून राह्यल्या माह्याकडं? तुमचे वडील गेले तवा तुम्हाले ड्युटीवरून निंघता नाई आलं, सांगतलं होतं तुम्ही भाड्यानं आल्या आल्या, म्हणून तुम्हाले असं होते. तुमचा बाप चांगला असन. तुम्ही नका माह्या घराचा निकाल लावू. एक निकाल लावणारा हाये इथं, तोच पुरे झाला.

चला. झाल्या गोष्टी. जा आता तुम्ही वर, पडा जरा, रात्री जागायचं हाये. वाटी राहू द्या म्हटलं ना. अन् हे आपल्या दोघीत राहू द्या. — सिस्टर? जिना इकडं हाये. तिकडं काऊन — अवो, चप्पल तं घाला, डांबर तापेल हाये. सिस्टर! त्यायले काई सांगू नका बरं! मी सांगतो, मीच सांगीन, आज सांगतो पाहा, मले सांगू द्या तं — गफ्फारभाई! गफ्फारभाई, त्या बाईले जरा — काऊन हात धरला तिनं त्यायचा? काय म्हणून राह्यली वाकून? — उठले. काठी तं इथं दारामागं हाये त्यायची. — अहो! अहो, समोर रस्ता हाये. थांबा. थांबा तिथंच, पाय नका टाकू, मी येतो —